पहिली चूक कोणाच्या देहावर?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार नावाचे गाव आहे. बाजार हा त्या गावाच्या नावाचाच भाग. मराठवाड्यातल्या अशा कोणत्याही बाजारगावी भाजीवाल्यांच्या पालांसमोरून एक फेरी मारली तर पिशवीत काय काय पडते? कोहळा, दुध्या भोपळा, काकडी, तोंडली, उन्हाळ्यात कलिंगड, कधी लांबून आलेला फणस. यादी स्वयंपाकघराची वाटते. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हीच यादी एका अभ्यासक्रमाची होती, आणि तो अभ्यासक्रम शल्यविद्येचा होता.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नाव 'योग्यासूत्रीय' असे आहे. 'योग्या' म्हणजे सराव. आज आपण 'योग्य' हा शब्द 'उचित' किंवा 'लायक' या अर्थाने वापरतो; संहिताकाराने मात्र या शब्दकुळाशी नेमका खेळ केला आहे. शिष्य कितीही बहुश्रुत असो, ज्याने योग्या केली नाही तो कर्माला अयोग्य, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. मग तो सरावाचे साहित्य सांगतो. छेदनासाठी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाणी आणि चिखल भरलेली पखाल किंवा चामडी पिशवी. खरवडण्यासाठी केसांसकट ताणलेले कातडे. शिरावेधासाठी मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. जखमेचा माग घेण्यासाठी घुणाने पोखरलेले लाकूड आणि बांबू. रुतलेली वस्तू बाहेर काढण्यासाठी फणसाचा, तोंडल्याचा, बेलाचा गर. शिवणकामासाठी जाड आणि बारीक कापडाच्या कडा. आणि बंध बांधण्यासाठी माणसाच्या आकाराची, सर्व अवयव असलेली बाहुली.

साहित्याच्या अभ्यासकाला या यादीत एक ओळखीची गोष्ट दिसावी. ही सगळी उपमाने आहेत. कोहळा माणसासारखा दिसत नाही, पण कठीण सालीखालचा मऊ गर कापताना हाताला जो बोध होतो तो हवा असतो. कमळाचा देठ शिरेसारखा एकाच बाबतीत असतो: तो पोकळ आणि निसटता आहे. प्रत्येक वस्तूने देहाशी एकच साधारण धर्म वाटून घेतला आहे, आणि शिकणाऱ्याने एका वेळी तेवढ्याच धर्माचा अभ्यास करायचा आहे. संपूर्ण देहाची हुबेहूब नक्कल करण्याचा हव्यास इथे नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय आजचा आहे: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सहायकाचे काम करणाऱ्यांना आभासी वास्तवाच्या यंत्रावर दिले जाणारे शिक्षण. तरीही सुरुवात सुश्रुतापासून केली, कारण या यंत्राची कथा संगणकाची कथा म्हणून सांगितली की तिच्यातला खरा प्रश्न हरवतो. शिकणारा चुकणारच. मग त्याची पहिली चूक कोणाच्या देहावर पडावी? शल्यसरावाचा इतिहास हा माझ्या मते या एका प्रश्नाला वेगवेगळ्या काळांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. सुश्रुताचे उत्तर स्पष्ट आहे: भोपळ्यावर.

नंतरच्या काळांची उत्तरे इतकी स्वच्छ नाहीत.

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन आले. कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असताना टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवे नाक घडवले. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रुसो आणि फिंडले, या प्रकारच्या शस्त्रक्रियेचे साक्षीदार होते. त्या वर्णनात एक तपशील आहे. मेणाचा पातळ पत्रा आधी नाकाच्या खुंटावर बसवून त्याचे चांगले दिसेल असे नाक करायचे, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची, आणि त्या रेघेवरून कातडी सोडवायची. म्हणजे शस्त्रक्रिया आधी मेणात होत होती आणि नंतर माणसात. मेण चुकले तर पुन्हा मळता येते.

हे वृत्त वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये जिवंत रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. कार्प्यूचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले. कावसजीचे नाव आणि चित्रही राहिले. ज्याच्या हाताने हे घडले त्या विटा पाडणाऱ्याची मात्र वृत्तात फक्त जात उरली. हात काम करतो आणि नाव दुसरीकडे नोंदले जाते, हे सूत्र पुढेही लागणार आहे. म्हणून ते ध्यानात ठेवावे.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय सुरू झाले. कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहिणारे म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते भाऊ दाजी लाड या कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, १८५१ चे. नव्या शिक्षणाने सरावासाठी मृतदेह दिला. सुश्रुतालाही शवविच्छेदन माहीत होते. मुंज गवतात गुंडाळलेले प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात सात रात्री ठेवून, मग ते कुंचल्याने हळूहळू घासत थराथराने पाहावे, अशी त्याची रीत होती. पण मृतदेह कोणाचा, हा प्रश्न आधुनिक काळात कायद्याने सोडवला. १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने रुग्णालयात वारलेल्या बेवारस व्यक्तीचे शव वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय केली. बेवारस कोण असतो हे सांगायला नको. पहिली चूक आता अशा माणसावर पडू लागली, ज्याच्या वतीने तक्रार करणारे कोणी नव्हते.

आणि जिवंत रुग्णांचे काय? सार्वजनिक रुग्णालयातला गरीब रुग्ण हेच शिकाऊ डॉक्टरांचे पाठ्यपुस्तक राहिले. बघा, करा, शिकवा, अशी शल्यशिक्षणाची परंपरागत त्रिपदी आहे. तिच्यातल्या 'बघा' आणि 'करा' यांच्या मधली फट सुश्रुताने भोपळ्याने भरली होती. मधल्या काळात ती उघडीच राहिली.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ही फट काही प्रमाणात झाकली जाते. गुरू आणि शिष्य एकाच जखमेत पाहतात. गुरूचा हात शिष्याच्या हातावर येऊ शकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ही सोयच काढून घेतली.

पोटात दुर्बीण घालून पाहण्याचा पहिला प्रयोग जर्मनीत गेऑर्ग केलिंग याने १९०१ मध्ये कुत्र्यावर केला. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेउस याने माणसावर. भारतात ही विद्या शल्यविभागात रुजवली ती डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी. १९७२ मध्ये त्यांनी जे. जे. रुग्णालयात निदानासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली. त्या काळी सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन हाताशी नव्हते. पोटात क्षय आहे की कर्करोग हे ठरवण्यासाठीसुद्धा पोट उघडावे लागे. श्रीमंत देशांची चैन वाटणारे हे साधन गरीब देशालाच अधिक उपयोगी आहे, हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर मांडला. १९९० मध्ये याच जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये ते निवर्तले.

१९७२ आणि १९९० यांच्या दरम्यान एक बदल घडला आणि आपल्या विषयाचे मूळ त्यात आहे. सुरुवातीच्या दुर्बिणीला शल्यविशारद स्वतःचा डोळा लावी. आत काय आहे ते फक्त त्यालाच दिसे. शेजारचा सहायक अक्षरशः अंधारात असे. ऐंशीच्या दशकात छोटा व्हिडिओ कॅमेरा दुर्बिणीला जोडता येऊ लागला आणि पोटातले दृश्य पडद्यावर आले. शल्यविशारदाचे दोन्ही हात मोकळे झाले. पण त्या बदल्यात त्याचा डोळा दुसऱ्याच्या हातात गेला. कॅमेरा धरतो तो सहायक, आणि सहायक जिकडे दाखवील तिकडेच शल्यविशारद पाहू शकतो.

महाभारतात आंधळ्या राजाला युद्ध सांगणारा संजय आपल्या परिचयाचा आहे. इथे परिस्थिती अधिक अवघड आहे, कारण इथे संजयाच्या डोळ्याने पाहणारा स्वतः लढत असतो. कॅमेरा किंचित कलला तर क्षितिज कलते, आणि पित्तनलिका कुठली व रक्तवाहिनी कुठली याचा अंदाज चुकू शकतो. हत्याराचे टोक दृश्याच्या मध्यावर ठेवणे, भिंग धुरकट झाले की वेळेवर पुसणे, तिरक्या भिंगाची दुर्बीण असेल तर वळणामागचे दाखवणे, आणि शल्यविशारदाच्या मनात पुढे काय आहे हे ओळखून क्षणभर आधी तिथे पोचणे, हे सारे त्याचे काम. निवेदनशास्त्र शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको: कोण पाहतो आणि कोण दाखवतो, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

शिवाय हाताचे व्याकरणच उलटते. हत्यार पोटाच्या भिंतीतल्या भोकातून जाते, म्हणून ते तरफेसारखे फिरते. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. पडदा सपाट, त्यामुळे खोली दिसत नाही. जन्मभर कमावलेले हाताडोळ्यांचे नाते विसरून नवे जुळवावे लागते. आणि हे कुठे शिकायचे? बहुतेकांनी ते भूल दिलेल्या रुग्णावरच शिकले.

आमच्या भागात मात्र दुर्बिणीची ओळख पित्ताशयाच्या निमित्ताने झाली नाही. परभणी-हिंगोलीकडच्या खेड्यात 'दुर्बिणीचं ऑपरेशन' किंवा 'बिनटाक्याचं ऑपरेशन' म्हटले की बायकांना कुटुंबनियोजनाचे शिबीर आठवते. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची सक्ती अंगाशी आल्यावर कार्यक्रमाचा रोख स्त्रियांकडे वळला, आणि ऐंशीच्या दशकात दुर्बीण हे त्याचे मुख्य साधन बनले. शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या खोलीत एकामागून एक टेबले, एक फिरता शल्यविशारद, आणि त्याच्या भोवती परिचारिका, आया, शिपाई. १९८९ मध्ये ब्रिटनच्या एका स्त्रीरोगविषयक नियतकालिकात डॉ. पी. व्ही. मेहता या भारतीय डॉक्टरांचा एक लेख आला. एकाच शल्यविशारदाने केलेल्या २,५०,१३६ दुर्बीण-नसबंदी शस्त्रक्रियांचा तो वृत्तान्त होता. आकडा थक्क करणारा आहे. पण 'एकाच' हा शब्द मला अडखळवतो. अडीच लाख वेळा कोणीतरी टेबल खाली कलते केले, हत्यार पुसून हातात दिले, बाईला धरून उतरवले. ते हात मोजले गेले नाहीत.

न मोजलेल्या हातांचे परिणाम कधीतरी मोजावे लागतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात एका शल्यविशारदाने एका दिवसात ८३ स्त्रियांवर दुर्बिणीतून नसबंदी केली. नंतरच्या दिवसांत तेरा जणी दगावल्या. दोष औषधाचा की निर्जंतुकतेचा, यावर वाद झाला. पण तासाला किती शस्त्रक्रिया म्हणजे माणुसकी संपते, हा प्रश्न त्या वादाने मिटला नाही. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ग्रामीण भारतात पोचली ती ही अशी: गरीब स्त्रीच्या देहावर, गर्दीत, आणि सहायकांच्या शिक्षणाची कसलीही वेगळी व्यवस्था न करता.

श्रीमंत जगातही सुरुवात फारशी गौरवाची नव्हती. जर्मनीत एरिक म्यूहे याने १९८५ मध्ये आणि फ्रान्समध्ये फिलिप मूरे याने १९८७ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यानंतर ही पद्धत वणव्यासारखी पसरली. शनिवार-रविवारची कार्यशाळा करून सोमवारी शस्त्रक्रिया करणारे निघाले. पित्तनलिका कापली जाण्याच्या दुर्घटना वाढल्या, आणि १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला देखरेखीखालच्या सरावाचे नियम घालून द्यावे लागले. पहिली चूक रुग्णावर पडते आहे, हे आता सरकारी कागदावर आले.

सरावाची पेटी तोपर्यंत अस्तित्वात होती. जर्मनीतल्या कील येथील कुर्ट झेम, ज्याने १९८० मध्ये दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, त्याने विद्यार्थ्यांसाठी भोके असलेली पेटी बनवली होती. पेटीच्या आत वस्तू ठेवायची, बाहेरून हत्यारे घालायची. विमानचालनाकडे याहून जुना दाखला होता: एडविन लिंक याने १९२९ मध्ये जमिनीवरच उड्डाण शिकवणारे यंत्र केले होते. या दोन कल्पना संगणकात एकत्र आल्या. अमेरिकेच्या रिचर्ड सटावा याने १९९३ मध्ये आभासी पोटाचा आराखडा मांडला. त्यातले अवयव व्यंगचित्रासारखे होते. 'आभासी वास्तव' हा शब्दप्रयोग संगणकवाल्यांनी ऐंशीच्या दशकात रूढ केला खरा, पण फ्रेंच नाट्यविचारक आंतोनँ आर्तो याने तो १९३८ च्या आपल्या ग्रंथात नाटकाविषयी वापरलेला आहे. रंगमंचावर मरण खोटे असते आणि भय खरे असते. सरावाच्या यंत्राचे तत्त्वही याहून वेगळे नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'मिस्ट' नावाचे यंत्र वापरात आले. त्याच्या पडद्यावर यकृत नव्हते, पित्ताशय नव्हते. होते फक्त चेंडू आणि चौकटी. चेंडू पकडायचा, दुसऱ्या हत्याराकडे द्यायचा, चौकटीत ठेवायचा. यंत्र वेळ मोजी, चुका मोजी, हाताने किती वायफळ अंतर कापले ते मोजी. २००२ मध्ये येल विद्यापीठातल्या नील सेमूर आणि सहकाऱ्यांनी त्याची परीक्षा घेतली. सोळा शिकाऊ डॉक्टर. निम्म्यांना यंत्रावर सराव, निम्म्यांना नेहमीचे शिक्षण. मग सर्वांनी खऱ्या रुग्णाचे पित्ताशय सोडवले, आणि कोण कुठल्या गटातला हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी ध्वनिचित्रफिती तपासल्या. यंत्रावर शिकलेल्यांनी काम २९ टक्के कमी वेळात केले. न शिकलेल्यांचे काम मध्येच खोळंबण्याचा संभव नऊपट होता, आणि पित्ताशयाला इजा करण्याचा किंवा भलताच भाग भाजण्याचा संभव पाचपट.

सोळा माणसांचा प्रयोग लहानच. पण त्याने सिद्ध केलेली गोष्ट आपल्याला सुश्रुताकडे परत नेते. चेंडू पित्ताशयासारखा दिसत नव्हता. तरी हात शिकला, कारण एकच साधारण धर्म, तरफेसारखी उलटी हालचाल, त्यात अचूक पकडला होता. पुढच्या यंत्रांत अवयव आले, रक्त आले, धूर आला. स्पर्शाचा भास देण्याचे प्रयत्न झाले आणि ते आजही अपुरे वाटतात. पण उपमा जितकी सर्वांगाने जुळवायला जावी तितकी ती अधिक शिकवील असे नाही, हे काव्यशास्त्राला ठाऊक असलेले सत्य यंत्रकारांना महागात शिकावे लागले.

या नव्या यंत्रांवरच्या अभ्यासक्रमात सहसा सुरुवातीलाच एक पाठ असतो: कॅमेरा चालवण्याचा. पोकळीत ठिकठिकाणी लपवलेल्या खुणा शोधायच्या, प्रत्येक मध्यावर आणायची, क्षितिज सरळ ठेवायचे. म्हणजे सहायकाची विद्या ही पहिली पायरी मानली गेली. पण पायरी म्हणजे शल्यविशारदाने ओलांडून पुढे जायची जागा. ज्याला तिथेच आयुष्यभर उभे राहायचे आहे, त्या परिचारिकेचा किंवा तंत्रज्ञाचा विचार त्या अभ्यासक्रमाने क्वचितच केला. यंत्र महाग, त्यामुळे रांगेत पदव्युत्तर विद्यार्थी पुढे आणि बाकीचे मागे. बाकीच्यांची पहिली चूक अजून तिथेच पडते, जिथे ती नेहमी पडत आली.

भारतात २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याच्या अनुसूचीत शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञांबरोबर दुर्बीण-तंत्रज्ञांचाही स्वतंत्र उल्लेख झाला. विटा पाडणाऱ्यापासून शिबिरातल्या आयेपर्यंतच्या त्या निनावी हातांना निदान व्यवसायाचे नाव मिळाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत शंभर जागांचे एक हिंगोलीला आहे. जवळा बाजारच्या रुग्णाला आता शिकणाऱ्यांचे हात आपल्याच जिल्ह्यात भेटतील. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच जुना प्रश्न आता आपल्या दारी आला आहे.

त्याचे उत्तर केवळ पैशावर अवलंबून नाही. पुठ्ठ्याचे खोके, फोनचा कॅमेरा, दोन जुनी हत्यारे आणि आत साल काढायला ठेवलेले एखादे फळ, एवढ्यावर कॅमेरा धरणारा आणि हत्यार चालवणारा दोघेही एकत्र शिकू शकतात. महाग यंत्र आले तर उत्तमच. अट इतकीच, की कॅमेरा धरणारालाही सरावाचा तास मिळाला पाहिजे आणि त्या तासाची नोंद त्याच्या नावाने झाली पाहिजे. संहिताकाराने शिष्याला आधी भोपळ्याकडे पाठवले, तेव्हा तो कौशल्याचा विचार करत होता हे खरे. पण त्याचबरोबर ज्याचा देह अजून समोर आलेला नाही अशा रुग्णाचाही. तो रुग्ण बाजारच्या दिवशी याच पालांसमोरून फिरत असतो.